पान उलटं करूनही फोटो टाका

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर रोगट पिकाचा फोटो टाकला की लगेच औषधाचं नाव मिळतं, असं म्हणतात, ते खरं आहे. पण निदान? आमच्या खेडच्या बाजूला मिरचीच्या बोकड्यावर (पानं वळून आकसतात तो रोग) असंच अंदाजाने फवारतात. पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळल्या तर कोळी (माइट ही बारीक कीड, घरातला कोळी नव्हे). कोळी हा कीटकच नव्हे, त्यामुळे फुलकिड्यांची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत आणि फवारणीचा खर्च अंगावर पडतो. हे दोन्ही बहुतेक पानाखाली असतात, फोटो मात्र वरून काढलेला!

म्हणून पान उलटं करून फोटो काढा, आधी काय मारलंय तेही लिहा. शेतीचा सल्ला देणारं सरकारी किसान कॉल सेंटरही (१८००-१८०-१५५१) २००४ पासून आहे. फोन फुकट, मराठीत बोलतात. गावात अजून कितीतरी जणांना हे ठाऊकच नाही.