प्रीऑर्डर कन्फर्म केली, पैसे घेतले, आणि आता म्हणे किंमत चुकली होती!

पॉजबटण
काल इथे एकाने लिहिलं की चुकलेली किंमत बघून ऑर्डर टाकणारे सगळे फुकटे, दुकान त्यांचं काही देणं लागत नाही आणि पैसे परत आले की विषय संपला. त्याला तिथेच दोन ओळीत उत्तर देणार होतो पण मावलं नाही, म्हणून वेगळा धागा.

एका साईटवर पीएस फाईव्ह या गेम कन्सोलच्या नव्या गेमची डिस्क २,९९९ ला प्रीऑर्डरला, म्हणजे रिलीजआधीच्या बुकिंगला, लागली होती. बाकी सगळीकडे ४,९९९. मला वाटलं प्रीऑर्डरची ऑफर असेल, दिवाळीच्या आसपास असे आकडे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. एकच कॉपी घेतली, यूपीआयने पूर्ण पैसे भरले, "तुमची ऑर्डर कन्फर्म झाली आहे" असा मेल आला. तेवीस दिवस काही नाही. धाकटा भाऊ हॉस्टेलवरून चार दिवस घरी येणार होता, त्याला सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या कुणाकडे पाहू नकोस, एकत्रच सुरू करू. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी पावणेसात वाजता मेल: "स्टॉक उपलब्ध नसल्याने आपली ऑर्डर रद्द करण्यात येत आहे." साईट उघडली तर तीच डिस्क, तोच फोटो, ४,९९९, आणि खाली हिरव्या अक्षरात "उपलब्ध". स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

किंमत चुकली असेल तर तसं सांगा ना. माणसाकडून चूक होते हे मलाही कळतं. पण तेवीस दिवस माझे पैसे वापरायचे आणि वर स्टॉक नाही म्हणून थाप मारायची, आणि फुकटा मी?

काउंटरवाला
तो कालचा प्रतिसाद माझाच. फुकटा हा शब्द तुझ्यासाठी नव्हता पण मुद्दा मागे घेत नाही.

मी सहा वर्षं गेमच्या दुकानात काढलीत, साईटही आम्हीच चालवायचो. डिस्ट्रिब्युटरची एक्सेल यायची, दीडशे ओळी, आणि ती चढवायला एकोणीस वर्षांचा पोरगा. एकदा रांग सरकली आणि नव्या गेमला जुन्या गेमची किंमत लागली. रात्री अकरा ते सकाळी नऊ, एवढाच वेळ. सकाळी बघतो तर एकाच माणसाच्या १४ कॉपी. चौदा! एकाच गल्लीतले दोन पत्ते आणि तीन मोबाईल नंबर. हा काय खेळणार होता? दुसरीकडे नेऊन विकणार होता. नव्या गेमवर आम्हाला दोनशे-अडीचशे सुटायचे, त्यातून कुरियर, त्यातून पॅकिंग. मालकाने त्या पोराच्या पगारातून चार महिने पैसे कापले. घरी आईचं डायलिसिस चालू होतं त्याच्या. तुम्ही "किंमत पाळा, किंमत पाळा" म्हणता तेव्हा ती पाळतो कोण, तर तो पोरगा.

पेठेतली
पगार कापला ते मालकाने. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. नोकराच्या चुकीचा बोजा नोकरावर टाकायचा की धंद्यावर घ्यायचा हे मालकाने ठरवलं, गिऱ्हाईकाने नाही.

काउंटरवाला
बाई, तुम्ही दुकान चालवलंय का कधी? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

पेठेतली
वडिलांचं किराणा दुकान होतं, वीस वर्षं. पाटीवर साखरेचा भाव चुकून कमी लिहिला गेला तर दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला त्याच भावाने द्यायचे आणि मग पाटी पुसायचे. आणि हो, पोतं मागितलं तर नाही म्हणायचे, घरापुरती दोन किलो द्यायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वकिली डोकं
तापण्याआधी कायद्याचं बघा. दुकानात किंवा साईटवर लावलेली किंमत म्हणजे प्रस्ताव नव्हे, ते नुसतं "या, बोला" असं निमंत्रण. १९५३ च्या बूट्स केमिस्टच्या इंग्लिश निकालापासून हे पक्कं आहे. प्रस्ताव तुम्ही करता, ऑर्डर टाकून. दुकान तो स्वीकारतं तेव्हा करार होतो. म्हणून सगळा खेळ त्या मेलमधल्या शब्दांवर. "ऑर्डर मिळाली" म्हणजे स्वीकारली असं नाही. "कन्फर्म झाली" म्हटलं की दुकानाची बाजू लंगडी पडते.

आता चूक. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०: दोन्ही पक्षांची महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चूक असेल तर करारच नाही. कलम २२: एकाच पक्षाची चूक असेल तर तेवढ्या कारणाने करार मोडता येत नाही. म्हणजे "अरेरे आमची चूक झाली" एवढं म्हणून हात वर करता येत नाहीत.

पण समोरच्याला चूक दिसत असताना त्याने झडप घातली तर गोष्ट वेगळी. सिंगापूरचा २००४ चा निकाल वाचा: ३,८५४ डॉलरचा एचपीचा लेझर प्रिंटर साईटवर ६६ डॉलरला पडला, सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. कोर्ट म्हणालं, तुम्हाला ठाऊक होतं, काही मिळणार नाही. अपिलातही तेच झालं. इंग्लंडात १९३९ मध्ये सशाच्या कातड्यांचा असाच खटला झाला, भाव नगावर द्यायचा तो चुकून पौंडावर दिला गेला. विकत घेणारा त्याच धंद्यातला, त्याला कळायला हवं होतं, म्हणून हरला.

काउंटरवाला
हेच तर म्हणतोय मी! १४ कॉपीवाला आणि १,६०६ प्रिंटरवाले एकाच माळेचे मणी.

पॉजबटण
मग मला का त्या माळेत ओवतोस? माझी एक कॉपी होती. आणि ४,९९९ चे २,९९९ हे कुठल्या अंगाने उघड चूक वाटतं? ४९९ असते तर मीही दोनदा विचार केला असता.

वकिली डोकं
तो फरक खराच आहे. आणि आपल्याकडचा ग्राहक आयोग बऱ्याचदा आणखी पुढे जातो. २०१४ मध्ये अमेझॉनवर २३,४९९ चा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला, ओडिशातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने मागवला, ऑर्डर रद्द झाली. २०२१ मध्ये तिथल्या राज्य आयोगाने नुकसानभरपाई आणि खर्च धरून ४५ हजार द्यायला सांगितले. १९० रुपयांत लॅपटॉप, तरीही.

काउंटरवाला
मोठी कंपनी आहे, देईल. हाच निकाल अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या छोट्या दुकानाला लावा, शटर खाली.

सातारी कंदी
मूळ रोग कुणीच बोलत नाहीये. प्रीऑर्डर करताच कशाला?? डिस्कचं एक वेळ समजू शकतो, पण लोक डिजिटल गेम प्रीऑर्डर करतात! डाउनलोडचा स्टॉक संपतो का? सायबरपंक २०७७ हा गेम आठवा. १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या पीएस फोरवर चालेचना, आठवडाभरात सोनीने स्वतःच्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत द्यायला घेतले. त्याआधी २०१५ मध्ये बॅटमॅन अर्कम नाईटची पीसी आवृत्ती विक्रीतूनच मागे घ्यावी लागली. न बघता आधी पैसे दिले की बनवणाऱ्याला पूर्ण करायची घाई राहत नाही.

पॉजबटण
विषय तो नाही रे.

सातारी कंदी
विषय तोच आहे. आधी पैसे दिले नसते तर तेवीस दिवस अडकले असते का? मी २०१६ पासून एकही प्रीऑर्डर केलेली नाही. स्टीम या पीसी गेमच्या स्टोअरवर तर १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळला असेल तर पैसे परत मिळतात, आणि प्रीऑर्डर रिलीजआधी कधीही सोडता येते. आपल्या साईटवाल्यांना हे का जमत नाही?

ढेबेवाडी एक्सप्रेस
आणि कन्सोलचं काय? पीएस फाईव्ह भारतात १२ जानेवारी २०२१ ला दुपारी बाराला प्रीऑर्डरला लागला, ४९,९९०, आणि काही मिनिटांत संपला. मी ऑफिसच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो, ओटीपी येईपर्यंत "सोल्ड आउट". पुढे तोच डबा जास्त किमतीला विकायला फिरत होता. प्रीऑर्डर केली नाही तर मिळतच नाही अशी वेळ आणतात आणि मग आम्हालाच अक्कल शिकवता.

सातारी कंदी
जास्त पैसे मोजणारे होते म्हणून फिरत होता. सहा महिने थांबला असता तर काय बिघडलं असतं? आता जीटीए सहा या गेमच्या रिलीजचं बघा, आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. वाट बघायची सवय असली की असल्या धाग्यांची गरजच पडत नाही.

ढेबेवाडी एक्सप्रेस
चौतीस वर्षांचा आहे मी, आठवड्यातून एक रविवार मिळतो खेळायला. सहा महिने थांब हे मला सांगू नकोस. आणि डिस्क मी घेतोच, कारण खेळून झाली की अडीच-तीन हजारात पुढे देता येते. डिजिटलवाल्यांनी आमची डिस्क संपवत आणलीय, त्यावर बोल.

सातारी कंदी
डिस्क आम्ही संपवली? चोराच्या उलट्या बोंबा. सेकंडहँड डिस्क फिरवून तुम्हीच...

पेठेतली
बास करा दोघांनी. पॉजबटणचा प्रश्न वेगळा आहे. जमिनीच्या व्यवहारात विसार घेतला की देणाऱ्याचं बोलणं बांधलं जातं. सोनाराकडे आगाऊ पैसे देऊन भाव बांधून घेतला, नंतर सोनं चढलं, तर सोनार फोन करून "स्टॉक नाही" म्हणतो का? इथे तर पूर्ण रक्कम घेतली होती.

न्यूजर्सीकर
इकडचं सांगतो. २००९ मध्ये ब्रिटिश एअरवेजची अमेरिका-भारत तिकिटं चुकून ४० डॉलरला लागली, लोकांनी धडाधड काढली, कंपनीने रद्द केली, बराच गदारोळ झाला. पुढे इथल्या वाहतूक खात्याने नियम केला की तिकीट विकल्यावर भाडं वाढवता येणार नाही, म्हणजे चुकलेलं भाडंही पाळावंच लागे. मग लोक चुका हुडकायलाच बसले, एकमेकांना कळवून मुद्दाम तिकिटं काढायला लागले. २०१५ मध्ये खात्याने ती सक्ती सोडली. कंपनीने चूक सिद्ध करायची, तिकिटाचे पैसे आणि त्या भरवशावर केलेला खर्च द्यायचा, सुटली. चांगला नियम आपल्यातल्या हावऱ्यांमुळे गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

काउंटरवाला
हे मान्य आहे मला. झालेला खर्च द्या, माल देऊ नका.

वकिली डोकं
आपल्याकडेही एक हत्यार आहे, कुणी वापरत नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम: कन्फर्म ऑर्डर ग्राहकाने रद्द केली तर त्याच्याकडून शुल्क तेव्हाच घेता येतं, जेव्हा कंपनी स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क सोसते. त्या साईटच्या अटी वाच, रद्द केल्यास पैसे कापू असं लिहिलं असेल तर तेच त्यांच्यावर उलटव. आणि खोटं कारण दिल्याचा तुझा स्क्रीनशॉट किंमतीच्या वादापेक्षा भारी आहे.

पॉजबटण
वाचल्या अटी. ग्राहकाने रद्द केल्यास दहा टक्के कपात असं लिहिलंय. आज सकाळी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुपारी साईटवरून फोन आला, पाचशेचं कूपन देतो, तक्रार मागे घ्या.

काउंटरवाला
घेऊ नकोस. कूपन घेतलंस की "ग्राहकाचं समाधान झालं" असं लिहून फाईल बंद करतात, मीच केलंय हे. किंमत चुकली होती असं त्यांच्याकडून लेखी माग. आमच्याकडे त्या सकाळी मी स्वतः एकेकाला फोन लावला होता, साडेअकरापर्यंत सगळ्यांना कळवून झालं होतं. शिव्या खाल्ल्या, पण कळवलं. तेवीस दिवस गप्प बसून स्टॉक नाही म्हणणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. २,९९९ ला गेम मिळायला हवा हे मात्र अजूनही पटत नाही.

पॉजबटण
१४ कॉपीवाल्याला देऊ नये, हे मीही म्हणतो. पण मला द्यायला हवा, आणि ते मी सोडणार नाही. लेखी मागितलंय. भाऊ परवा परत गेला, चार दिवस जुनाच फुटबॉल खेळलो.