आजोबांचा डिस्पोझलचा शेवरोले ट्रक घरीच दुरुस्त करून चालता करायचाय, सुरुवात कुठून करू?

निफाडचा_मळा
नमस्कार मंडळी. आमच्या मळ्यात शेडच्या मागे आजोबांचा मिलिटरी ट्रक उभा आहे, दुसरं महायुद्ध संपल्यावर डिस्पोझलमध्ये, म्हणजे लष्कराने विकायला काढलेल्या मालात घेतलेला, त्यातून लासलगावला कांदा जायचा असं वडील सांगतात. चपट्या नाकाचा, समोरच्या काचा वरून पुढे झुकलेल्या, आणि इंजिन पार केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधे. डॅशवरच्या पाटीवर सी१५ए आणि १९४३ एवढं वाचता येतं. चासी चांगली वाटते पण केबिनचा खालचा पत्रा गेलाय, मागची लाकडी बॉडी वाळवीने संपवली, टायर फाटलेत आणि इंजिन जाम, हँडल मारलं तर ढिम्म हलत नाही. गावातला मिस्त्री म्हणतो हे इंजिन भंगारात घाला, डिझेल बसवून आठ दिवसात चालू करून देतो. वडिलांना मात्र तो होता तसाच चालताना बघायचाय. इंजिन वाचेल का? आणि आधी काय हातात घेऊ, पत्रा, इंजिन की टायर?

स्पॅनर_नाशिक
भावा, डिझेल अजिबात बसवू नको!! तुझ्याकडे आहे तो कॅनडाचा सी.एम.पी. (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) ट्रक, पाटीवरच्या सी१५ए मधला सी म्हणजे शेवरोले, १५ म्हणजे १५ हंड्रेडवेट (भार नेण्याचं जुनं इंग्रजी माप), पुढच्या-मागच्या एक्सलचं अंतर मोजलंस तर १०१ इंचाच्या आसपास भरेल. काचा पुढे झुकलेल्या म्हणजे १३ नंबरची केबिन, काच चमकून वरच्या विमानाला दिसू नये म्हणून तशी केलेली. नाक चपटं कारण जहाजात जागा कमी लागावी. असे चार लाखांच्या वर बनले, त्यामुळे पार्ट जगात कुठे ना कुठे मिळतात.

पण इंजिनच्या आधी चाकं, हे नीट वाच. या गाडीची रिम दोन भागांची असते, बोल्टने जोडलेली. आतल्या वर्तुळातले नट चाक ड्रमवर धरतात, बाहेरच्या वर्तुळातले नट रिमचे दोन भाग धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर रिम उडून समोरचा माणूस जागेवर जातो. टायर फाटका दिसला तरी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण गेली याची खात्री कर, मगच पाना लाव, आणि पंक्चरवाल्याकडे चाक देताना स्वतः उभा राहा कारण हल्लीच्या पोरांनी हा प्रकार बघितलेला नसतो.

इंजिन २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर असणार, ८५ हॉर्सपॉवर. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगचं ऑइल अर्धं अर्धं करून ओत आणि मुरू दे, घाई नको. वरचं झाकण काढून रॉकर शाफ्ट (वॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा दांडा) उतरवून ठेव, म्हणजे एखादा वॉल्व्ह अडकला असेल तर त्याला ढकलणारा पुशरॉड वाकणार नाही. मग हँडलने थोडं इकडे थोडं तिकडे, जोर नको. ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढायचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नको, पिस्टन नाहीतर रॉड जाईल.

फिरलं की लगेच स्टार्ट करायचं नाही. ऑइल चेंबर खोल. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑइल प्रेशरने मिळत नाही, चेंबरमध्ये छोटी कुंडं असतात आणि रॉडच्या टोकाची पळी त्यात बुडून ऑइल उचलते. इतक्या वर्षांचा गाळ त्या कुंडांत बसलाय, तो तसाच ठेवून चालवलंस तर बेअरिंगच्या आतला व्हाइट मेटल नावाचा मऊ धातू वितळून बेअरिंग संपलंच म्हणून समज. रॉडमध्ये व्हाइट मेटल थेट ओतलेलं असतं, बाजारात तयार शेल (बेअरिंगची बदलता येणारी वाटी) मिळत नाही, त्यामुळे ओतून लेथवर बोअर करणारा जुना कारागीर शोधावा लागतो. असे लोक अजून आहेत, त्यांना जपा बाबांनो.

आरटीओ_फाइल
डिझेलला माझाही नकार, पण कारण वेगळं. २०२१ च्या व्हिंटेज नियमात ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात लागते, चासी, बॉडी शेल किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, १० वर्षं मुदत, नंबरात व्हीए अक्षरं येतात. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, रोज फिरवायला नाही.

तुमची खरी अडचण पुढे आहे. नियम खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकीसाठी आहे आणि तुमचा ट्रक मालवाहू म्हणून नोंदलेला असणार. तेव्हा आजोबांचं आरसी बुक आधी शोधा आणि पैसे घालायच्या आधी आरटीओत लेखी विचारा. चासी नंबरवर पॉलिश पेपर मारू नका, रंग चढवायच्या आधी त्याचा फोटो आणि पेन्सिलने कागदावर छाप घेऊन ठेवा.

ओशावातून
अरे वा, तुमचा ट्रक माझ्या गावचा! शेवरोलेच्या या गाड्या कॅनडात ओशावाला बनायच्या, फोर्डच्या विंडसरला. इथे ऑन्टारिओ रेजिमेंटचं म्युझियम आहे, जुन्या लष्करी गाड्या चालत्या ठेवतात. पुढच्या वेळी गेलो की केबिनच्या तळाच्या पत्र्याचे फोटो मापासकट मागून बघतो.

रंगासाठी एक सांगतो, अंदाजाने हिरवा मारू नका. डॅशवरची पाटी उघडली तर तिच्या खाली मूळ रंग शाबूत असतो, तिथे बारीक वॉटर पेपर हळूहळू फिरवला की एकेक थर दिसतो. त्या रंगात शिसं असतं म्हणून कोरडं घासू नका, मास्क लावा, पोरंबाळं लांब ठेवा.

निफाडचा_मळा
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीला डिझेलचं नाही म्हणून सांगितलं. प्लग काढले, ऑइल ओतलंय. आरसी बुक आईच्या ट्रंकेत सापडलं, वाळवी लागलीय पण नंबर वाचता येतात!! अजून एक, ट्रकमध्ये बॅटरीच नाही, सरळ १२ व्होल्टची टाकू का?

स्पॅनर_नाशिक
नको, ती गाडी ६ व्होल्टची. डायनामो, कॉइल, बल्ब सगळं त्या हिशोबाने आहे. लोक म्हणतात ६ व्होल्टला स्टार्टर मरगळतो, तो बहुतेक वेळा केबलचा दोष असतो, कारण व्होल्टेज १२ च्या निम्मं असलं की करंट दुप्पट लागतो आणि आपण लावतो बारीक वायर. वेल्डिंग मशीनची जाड केबल घे, अर्थचा पॉइंट लोखंड दिसेपर्यंत साफ कर. आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीत वळवू नको, उलटा झटका आला तर मनगट मोडतं. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) इथेनॉलला टिकेल असा नवीन टाक, जुनं रबर आताच्या पेट्रोलमध्ये फुगतं. ब्रेक ड्रम खोलशील तेव्हा हवा मारू नको, लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पूस. चाकांचे जवळून फोटो टाक आधी, नट बघून सांगतो.