किराणा महागलाय की आपणच जास्त आणतोय, हे ठरवायचं कसं?

रानजाई
घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं कमावते, सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. किराणा, भाजी, दूध, फळं हे सगळं माझ्याकडे आहे आणि लग्न झाल्यापासून मी त्याचा खर्च वहीत लिहिते. गेल्या वर्षी या खर्चासाठी एक रक्कम ठरवली होती. आता ती महिना संपायच्या आठवडाभर आधीच संपते आणि उरलेले दिवस मुलांच्या शाळेसाठी बाजूला काढलेल्या पैशांत हात घालावा लागतो. याचा मला फार त्रास होतो.

त्यावरून घरात दर महिन्याला तेच बोलणं. नवरा म्हणतो, "तू हल्ली जास्त सामान आणतेस." सासूबाई म्हणतात, मुलं मोठी झाली, खाणार नाहीत का? मी म्हणते, भाव वाढलेत. तिघांच्याही म्हणण्यात काहीतरी तथ्य असणार. पण कुणाचं किती खरं, हे कळल्याशिवाय काटछाट कुठे करायची तेही ठरत नाही. त्यात बातम्यांमध्ये महागाई कमी झाल्याचं सांगतात. मग माझ्या पिशवीत ते का दिसत नाही?

सध्या अंडी आणि फळं बंद करावीत असं डोक्यात घोळतंय, कारण त्याने आकडा एकदम खाली येतो. पण मुलगी वाढीच्या वयात आहे, मन धजत नाही. कुणी हे नीट मांडून पाहिलंय का?

जुना_हिशेबनीस
ताई, तुमच्याकडे वही आहे, म्हणजे उत्तरही तुमच्याकडेच आहे. माझी सगळी नोकरी बाजारभाव गोळा करून त्यांचे निर्देशांक काढण्यात गेली. तुम्ही जे विचारताय तोच प्रश्न आम्ही तिथे रोज सोडवत होतो, फक्त एका घरासाठी नाही, हजारो घरांसाठी. घरच्या घरी तो एका दुपारी सुटतो.

मागच्या वर्षीचा हाच महिना उघडा. त्यात पाहुणे, समारंभ, आजारपण असलं काही असेल तर शेजारचा महिना घ्या. त्या महिन्यात काय किती आणलं ते एका कागदावर उतरवा, तांदूळ किती किलो, तेल किती लिटर, दूध किती, असं. आता त्याच मापांना आजचे भाव लावा. माप तेव्हाचंच ठेवायचं, भाव फक्त आजचा. बेरीज करा. आता तुमच्यापुढे तीन आकडे येतील: तेव्हाचा खर्च, तेव्हाच्याच सामानाचा आजचा खर्च, आणि या महिन्यात तुम्ही खरोखर केलेला खर्च.

समजा पहिला आकडा १०० धरला. तेच सामान आज ११२ ला पडतं आणि तुमचा प्रत्यक्ष खर्च ११८ झालाय. मग वाढलेल्या १८ मधले १२ भाववाढीचे. त्यावर तुमचा काहीही इलाज नाही आणि त्यासाठी तुम्हाला कुणी बोल लावू नये. उरलेले ६ मापाचे किंवा निवडीचे, म्हणजे जास्त आणलं, किंवा त्याच वस्तूचा महाग प्रकार आणला. चर्चा करायची ती या सहाची. ही रीत माझी नाही. एतिएन लास्पेअर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८७१ मध्ये ती मांडली आणि आजही कितीतरी देशांचे ग्राहक किंमत निर्देशांक याच धर्तीवर निघतात.

करताना एक जपा. वहीत "एक पुडा" असं लिहिलेलं असेल तर आकडे चुकतील. किलोचा पुडा गुपचूप ९०० ग्रॅमचा होतो, किंमत तीच राहते, वेष्टनही तेच. आपल्याला वाटतं भाव वाढला नाही, प्रत्यक्षात तो ११ टक्क्यांनी वाढलेला असतो. वर पुडा लवकर संपतो, मग एक जादा आणला जातो आणि घरात सगळ्यांना वाटतं की वापर वाढला. तुमच्या नवऱ्याला जे "जास्त सामान" दिसतंय, त्यात असे पुडे किती आहेत ते जरूर बघा. यापुढे पुड्यांऐवजी ग्रॅम लिहा.

आता बातम्यांचं. महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं नव्हे. १०० ची वस्तू एका वर्षी ११० झाली, पुढच्या वर्षी ११३. दर दहा टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्याही खाली आला, बातमी खरीच आहे, पण तुम्ही मोजणार ११३. शिवाय बातमीतल्या आकड्यात घरभाडं, प्रवास, कपडे, औषधं असं सगळं मिसळलेलं असतं. ज्या घरात कमाईचा मोठा हिस्सा खाण्यावर जातो, त्या घराला अन्नाची भाववाढ त्या सरासरीपेक्षा जास्त झोंबते. अर्न्स्ट एंगेलने बेल्जियममधल्या कुटुंबांचे खर्च तपासून १८५७ मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका खाण्यावर जाणारा वाटा मोठा. म्हणून सरासरी आकडा दाखवून कुणी तुम्हाला गप्प करत असेल तर गप्प बसू नका.

आणि भाव उतरतील म्हणून वाट बघत बसू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नाच्या भावांचा जागतिक निर्देशांक मार्च २०२२ मध्ये तोवरच्या उच्चांकाला गेला होता. युक्रेन हा तेव्हा सूर्यफूल तेलाचा सर्वांत मोठा निर्यातदार होता, तिथे युद्ध सुरू झालं आणि तेलाबरोबर धान्यही भडकलं. नंतर तो निर्देशांक बराच खाली आला. पण दुकानातल्या किमतीत नुसता कच्चा माल नसतो, वाहतूक असते, वेष्टन असतं, वीज असते, मजुरी असते. ते खर्च एकदा चढले की सहसा उतरत नाहीत.

मीठमिरी
हिशेबनीस काका, तुमचं पटलं. पण त्या सहामध्ये मला अजून एक रेघ ओढायची आहे. जास्त आणलेलं सगळं पोटात गेलं का? आमचं सात माणसांचं एकत्र घर आहे, तीन जणी मिळून स्वयंपाक बघतो, आणि आमच्याकडे खरी गळती तिथे सापडली.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. साली-देठं धरून आहे हा आकडा. त्यातलं ६३ कोटी टन घराघरांतलं. हॉटेलं आणि दुकानं मिळूनसुद्धा घरांच्या मागेच. वाचून मला वाईट वाटलं आणि मी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. जो कुणी काही टाकेल त्याने काय टाकलं आणि का टाकलं तेवढं लिहायचं. कुणाला बोलायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. कागद भरल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त ओळी पालेभाजीच्या आणि उरलेल्या भाताच्या.

पालेभाजी खालच्या खणात जायची, वर काकड्या-गाजरं येऊन पडायची, आणि ती दिसेपर्यंत देठांशी काळी पडलेली असायची. आता ती आणल्याआणल्या निवडून, कोरड्या कपड्यात गुंडाळून मधल्या फळीवर डोळ्यांसमोर ठेवतो. पिकलेली केळी, सफरचंदं तिच्याजवळ ठेवत नाही. त्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि पानं पिवळी पडतात. दूध फ्रिजच्या दारात ठेवू नका, दाराची जागा सगळ्यात कमी थंड. आतल्या बाजूला ठेवा आणि फ्रिज ५ अंशांच्या खाली असू द्या.

तारखांचंही बघा, रानजाई. "या तारखेपूर्वी उत्तम" असं छापलेलं असतं ते चव आणि ताजेपणाबद्दल असतं. नीट ठेवलेला कोरडा जिन्नस त्यानंतरही चालतो. "या तारखेपर्यंतच वापरा" असं असेल तर मात्र तो सुरक्षिततेचा प्रश्न, तिथे काटकसर नको. आमच्याकडे दोन्ही सरसकट टाकलं जायचं.

आणि सगळे सांगतात ना, मोठा डबा घ्या, स्वस्त पडतो? लिटरमागे पडतो स्वस्त, नाकारत नाही. पण पाच लिटरच्या डब्यातून ओतताना हात सैल सुटतो. आम्ही मोठा डबा वरच्या फळीवर ठेवलाय आणि दर सोमवारी एक छोटी बाटली भरून ओट्यावर ठेवतो. आठवडा त्या बाटलीत काढायचा. शनिवारी बाटलीच्या तळाला किती उरलंय ते प्रत्येकीला दिसतं, त्यामुळे तळणाचा बेत आपोआप मागेपुढे होतो. ज्या घरात हे जमणार नाही त्यांनी लहान बाटलीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पीठं आणि दाणे तर साठवूच नयेत, कीड लागते आणि दाणे खवट होतात.

ओंजळ
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून अंडी-फळांपुरतंच बोलते. रानजाई, कृपा करून ती बंद करू नका. काटछाट करताना घरं सर्वांत आधी हेच करतात, कारण त्यांची किंमत वेगळी आणि ठळक दिसते.

वस्तूची किंमत बघू नका, त्यातून मिळतं काय ते बघा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात २० ते २५ ग्रॅम. १०० मिलिलिटर दुधात ३ ग्रॅमच्या थोडं वर. तुमच्याकडच्या भावाला या आकड्याने भागा. कडधान्यं बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त निघतील, शिवाय शिजल्यावर ती वजनाने दुपटीहून जास्त होतात. अंडी त्यांच्या खालोखाल, कदाचित जवळजवळ बरोबरीलाच. मग पुड्यातले खारे पदार्थ, गोड पेयं, बिस्किटं यांचा हाच भागाकार करून बघा. तिथे तुम्ही पिठाचे आणि साखरेचे पैसे भरताच, वर कारखान्याचे आणि जाहिरातीचेही भरता. कात्री लावायची ती तिथे.

मुलगी चौदाची आहे. या वयात पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज वाढते. डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व लागतं. त्यासाठी महागडं फळच हवं असं नाही. जेवताना लिंबू पिळलं किंवा हंगामातलं एखादं आंबट फळ दिलं तरी काम होतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. फळ बंद करण्याऐवजी मोसमाबाहेरचं फळ बंद करा. पैसे वाचतील आणि तिच्या ताटातून काही जाणार नाही.

मीठमिरी यांचा उरलेला भात राहून गेला. शिजल्यावर तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वाचवायला जाऊ नका. त्यातला जिवाणू जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी वही घेऊन बसले. वस्तू जास्त आहेत, त्यामुळे वेळ लागला, आणि काही पुड्यांची जुनी वजनं शोधायला मागच्या कपाटातली रिकामी वेष्टनं उपयोगी पडली (सासूबाई ती जपून ठेवतात, त्यावरून मी कधीकधी कुरकुर करायचे).

आकडे असे आले. तेव्हाचा खर्च १००, तेव्हाच्याच सामानाला आज ११३, प्रत्यक्ष खर्च ११७. म्हणजे सतरातले तेरा भावाचे! उरलेल्या चारमध्ये तीनच्या आसपास दूध आणि धान्य, ते सरळसरळ मुलांच्या भुकेचं. राहिलेलं एक शाळेच्या डब्यात द्यायच्या पुड्यांचं. नवऱ्याने सगळ्या बेरजा स्वतः पुन्हा करून बघितल्या. मग म्हणाला, ही रक्कमच आता पुरणारी नाही, ती वाढवू. इतके महिने मला हे एकच ऐकायचं होतं.

रक्कम वाढवतोय आणि त्यासाठी बाहेरचं जेवण महिन्यातून एकदाच ठेवलंय. अंडी-फळं चालू राहतील. डब्यातले पुडे बंद. मुलीला सगळे आकडे दाखवले, तर तिने पुड्यांवरचं वजन आणि किंमत लिहून ठेवायचं काम आपणहून घेतलं.

एकच विचारायचं राहिलं. काका, हा हिशेब पुन्हा कधी करायचा?

जुना_हिशेबनीस
तीन महिन्यांनी करा. महिन्यामहिन्याला केलात तर भाजीच्या हंगामी चढउताराने आकडे हलत राहतील आणि घरात पुन्हा वाद होतील. भाजी आणि फळांची तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, धान्य आणि तेलाची मागच्या तिमाहीशी केलीत तरी चालेल. वर्षातून एकदा जुनी मापंही बदला. मुलं वाढतायत, तुम्ही काही वस्तू सोडल्यात, काही नव्या आल्यात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा पाया म्हणून या महिन्याची मापं धरा. आणि भाववाढीचा आकडा वाढला की त्याच महिन्यात रक्कमही वाढवून घ्या. शाळेच्या पैशांना हात लागेपर्यंत थांबू नका.