८,००० चौ.मी. प्लॉटला डिटेन्शन टाकी: २४० घनमीटर पुरेल का?

घोडबंदर_साइट

ठाण्यात घोडबंदर रोडला नवीन गृहसंकुल उभं राहतंय. प्लॉट ८,००० चौ.मी., दोन टॉवर, पोडियम, खाली बेसमेंट. मोकळ्या जमिनीचा रनऑफ गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा भाग) ०.३५ धरलाय, बांधकामानंतरचा ०.८५. सरीचं पाणी थोडा वेळ धरून नाल्यात हळूहळू सोडणारी डिटेन्शन टाकी बांधायची आहे. त्यासाठी सल्लागारांनी दिलेला डिझाइन पाऊस असा: १ तासात ६० मिमी, २ तासांत ८०, ३ तासांत ९०. त्यांचा हिशेब एका तासाचा आहे. आत येणार ४०८ घनमीटर, पूर्वीइतकं म्हणजे १६८ बाहेर सोडायचं, उरलं २४०. त्यातही रेनवॉटर हार्वेस्टिंगची १०० ची टाकी धरली तर नवी टाकी १४० चीच लागेल म्हणतात. टाकी गार्डनखाली, वर ६०० मिमी माती. नाल्याचा तळ रस्त्यापासून ३.६ मी. खाली आहे. कुठे चुकतंय का?

पर्जन्यवाहिनी

दोन ठिकाणी चुकतंय.

पहिलं, हार्वेस्टिंगची टाकी यात धरूच नका. ती भरलेली असावी म्हणून बांधतात, डिटेन्शनची रिकामी असावी म्हणून. जुलैतल्या मोठ्या सरीच्या आधीच हार्वेस्टिंगची टाकी काठोकाठ असते, तेव्हा ते १०० घनमीटर फक्त कागदावर राहतात. जागा कमी असेल तर एकच टाकी बांधून ओरिफिस, म्हणजे पाणी बाहेर सोडणारं ठरावीक मापाचं भोक, वर घ्या. त्याखालचं पाणी वापरायचं, वरची जागा सरीसाठी मोकळी. पण मग दोन्ही आकडे बेरजेने येतात, वजाबाकीने नाही.

दुसरं, १६८ घनमीटर तासाला, म्हणजे सेकंदाला साधारण ४७ लिटर, हा विसर्ग टाकी पूर्ण भरल्यावरचा आहे. ओरिफिसमधून जाणारं पाणी वरच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. टाकी भरत असताना सरासरी ६५ टक्केच धरा. मग १ तासाला साठा २९९ येतो, २ तासांना ५४४ वजा २१८ म्हणजे ३२६, ३ तासांना पुन्हा २८४. म्हणजे तुमची निर्णायक सर दोन तासांची आहे, एका तासाची नव्हे. गाळासाठी दहा टक्के वाढवून ३६० घ्या: आतून १५ × १२ मी., पाण्याची खोली २ मी., वर ३०० मिमी मोकळं.

या खोलीला ओरिफिस १२५ मिमी व्यासाचं येतं, विसर्ग गुणांक ०.६ धरून सेकंदाला ४५ लिटर. ६ मिमी जाडीच्या स्टेनलेस प्लेटला भोक पाडून ती नटबोल्टने बसवा, म्हणजे काढून साफ करता येते. पुढे ५० मिमी फटींची जाळी द्या. जाळीचं उघडं क्षेत्र भोकाच्या किमान दहापट हवं, नाहीतर पिशव्या आणि पाला अडकून जाळीच ओरिफिस होऊन बसते. सर थांबल्यावर टाकी रिकामी व्हायला सव्वाचार तासांच्या आसपास लागतात, ते ठीक आहे.

ओव्हरफ्लोसाठी ओरिफिसच्याच चेंबरमध्ये १.२ मी. लांबीचा वियर (जास्तीचं पाणी वरून सांडणारी आडवी भिंत) द्या. त्याच्या माथ्यावर २०० मिमी पाणी चढलं की तो सेकंदाला १८० लिटर सोडतो. ते पाणी कुठल्याही परिस्थितीत बेसमेंटच्या रॅम्पकडे वळता कामा नये. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा ठेवाच.

राफ्ट_ते_स्लॅब

मापं बरोबर वाटतात, पण ही टाकी तरंगेल. भिंती ३०० मिमी, राफ्ट (तळाचा स्लॅब) ३५०, वरचा स्लॅब २५० धरला तर बाहेरून १५.६ × १२.६ × २.९ मी., म्हणजे ५७० घनमीटर. भूजल टाकीच्या माथ्यापर्यंत आलं की ५७० टन वर ढकलणार. काँक्रीट १५६ घनमीटर, वजन ३९० टन. वरची ६०० मिमी माती २१२ टन. बेरीज ६०२, आणि १.२ पट सुरक्षिततेसाठी ६८४ हवेत. राफ्ट चारही बाजूंनी ५०० मिमी बाहेर काढा, त्यावरची भरावाची माती कामाला येते. खरा धोका मे-जूनमध्ये असतो: स्लॅब झालेला, माती टाकायची राहिलेली, डीवॉटरिंगचा, म्हणजे खड्ड्यातलं पाणी उपसणारा, पंप काढून नेलेला. बॅकफिल (टाकीभोवतीचा मातीचा भराव) पूर्ण होईपर्यंत पंप हलवू देऊ नका. पाऊस आधी आलाच तर टाकीत पाणी भरून ठेवा.

टाकीवरून फायर टेंडरचा रस्ता जात असेल तर स्लॅब ४५ टनांच्या गाडीसाठी हवा. काँक्रीटऐवजी जमिनीखाली रचायचे पोकळ प्लास्टिक क्रेट वापरायचा विचार असेल तर तिथे नकोच, शिवाय त्यातला गाळ नीट काढता येत नाही.

खाडीकाठ

नाल्याचा तळ बघू नका, भरतीच्या वेळची नाल्यातली पातळी बघा. ओरिफिसच्या मध्यापासून १ मी. वर पाणी असेल तर ४५ चे ३१ लिटर होतात. नाल्यातली पातळी टाकीतल्या पाण्याच्याही वर गेली की पाणी उलटं आत येतं, म्हणून फ्लॅप व्हॉल्व्ह (फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप) लागतोच. आणि तो बंद असताना काहीच बाहेर जात नाही. भरती आणि दोन तासांची सर एकत्र आली तर ५४४ घनमीटर सगळंच साठवायला लागेल. मुंबईत हिंदमाताचं पाणी पंपाने उचलून प्रमोद महाजन उद्यानाखालच्या टाकीत नेतात ते याचसाठी, भरती उतरेपर्यंत धरून ठेवायला.

घोडबंदर_साइट

खूप आभार. मग टाकी ५५० ची करायची की पंप लावायचा?

पर्जन्यवाहिनी

जागा असेल तर ५५०. पंपाला जनरेटरची लाइन, एक चालू आणि एक राखीव पंप, फ्लोट स्विच, सगळं लागतं आणि वीज नेमकी त्याच वेळी जाते. खोली वाढवू नका, लांबी वाढवा: २३ × १२. खोली तीच राहिली तर ओरिफिस बदलत नाही, टाकी रिकामी व्हायला मात्र साडेसहा तास लागतील. तळाला १:१०० उतार देऊन शेवटी खड्डा ठेवा, डबकं राहिलं की डास होतात. पाणी आत येतं तिथे गाळाचा चेंबर, दोन्ही टोकांना ६०० × ६०० ची झाकणं. साफसफाई वरून जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने. गॅस तपासल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही, कारण सांडपाण्याची एखादी लाइन चुकून यात जोडलेली असू शकते. आणि पहिली सफाई ताबा देण्याआधीच करा. सिमेंटची स्लरी एकदा तळाला घट्ट झाली की ती फोडूनच काढायला लागते.