क्षेत्रफळ तेवढेच, मग घरपट्टी का वाढली?

वर्धेकर: आर्वी तालुक्यातील आमच्या गावी जुने मातीचे घर पाडून तेवढ्याच जागेवर स्लॅबचे घर बांधले, तेव्हापासून ग्रामपंचायतीची घरपट्टी बरीच वाढली आहे. ही वाढ कोणत्या आधारावर होते?

निवृत्त ग्रामसेवक: आकारणी आता केवळ क्षेत्रफळावर होत नाही. 2015 च्या सुधारित नियमांनुसार ती भांडवली मूल्यावर होते. म्हणजे जमिनीचा रेडीरेकनर दर (शासनाने ठरवलेला बाजारमूल्य दर), बांधकामाचा दर, इमारतीच्या वयानुसार घसारा (मूल्यातील घट) आणि घरगुती की व्यापारी वापर, हे सारे त्यात धरले जाते. मातीच्या घराचा बांधकाम दर कमी व घसारा अधिक असतो, नव्या स्लॅबला यांपैकी काहीच लाभत नाही. तरीही नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा काढून गोठा राहत्या घरात मोजला गेला आहे का, हे अवश्य पाहावे.

कास्तकार: पाणीपट्टी व दिवाबत्ती कर वेगळे काढूनच तुलना करावी, अन्यथा उगाच वाद होतो. आकारणी अमान्य असल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते.

वर्धेकर: नमुना 8 वर नाव असणे हा मालकीचा पुरावा ठरतो काय?

निवृत्त ग्रामसेवक: नाही, ती केवळ कर आकारणीची नोंद आहे.