सासूबाईंची मिश्री सोडवायची आहे, हळूहळू की एकदम?

रानजाई:
सासूबाई 58 वर्षांच्या. दिवसातून सहा वेळा मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) दातांना लावतात, पहिली उठल्याबरोबर. आता त्यांनाच सोडायची आहे. एकदम बंद केली की तिसऱ्या दिवशी डोकं चढतं, पोट साफ होत नाही आणि डबी परत उघडते. निकोटिनचा गम मिश्रीवाल्यांना चालतो का? खालच्या दोन दाढा हलतात, बीपीची गोळी चालू आहे.

खलबत्ता:
तिसऱ्या दिवशी डबी उघडली म्हणून त्यांना बोल लावू नका. निकोटिन बंद झाल्यावरची चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळसाला असते. दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्या पहिल्या दिवसांची तयारी आधी करायची असते.

पहिला आठवडा काहीच कमी करू नका. प्रत्येक वेळेला कॅलेंडरवर एक रेघ, बस्स. दुसऱ्या आठवड्यात संगतीच्या वेळा काढा, म्हणजे दुपारी ओट्यावर शेजारणींबरोबरची, टीव्हीसमोरची. त्या वेळी तोंडात बडीशेप किंवा लवंग. सहाच्या चार, मग दोन. सकाळची सर्वांत शेवटी काढा, कारण रात्रभर निकोटिन न मिळाल्यानं तिची तलफ सगळ्यात जोरदार असते. ती रोज अर्ध्या तासानं पुढे ढकलत न्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक तारीख धरा आणि त्या दिवशी डबी, घरातला तंबाखू, भाजायचा तवा, सगळं घराबाहेर. तवा राहिला की भाजणं राहतं.

बहुतेकांचं फसतं ते "सकाळची एक तेवढी राहू दे" इथे. ती एक तलफ जिवंत ठेवते आणि बघता बघता आकडा पुन्हा पाचावर जातो.

पोटाचं खरं आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते थांबलं की बद्धकोष्ठ होतं. ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून रात्री एक मोठा चमचा इसबगोल पेलाभर पाण्यातून द्या, वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. बीपीच्या गोळीत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

सुपारीचं_झाड:
गम चालतो, पण चघळायची पद्धत चुकते म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळला की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, मग उचकी, मळमळ, छातीत जळजळ. सावकाश चावायचा, तोंडात चुणचुण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा. एक गम साधारण अर्धा तास. आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, ताक, लिंबूपाणी नको, आंबटपणामुळे निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल तर साधारणपणे 4 मिग्रॅ लागतो, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. 2 मिग्रॅ तसाच मिळतो. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, मग अंतर वाढवत एकूण 12 आठवडे. गम आणि मिश्री एकत्र मात्र नको. बीपी आहे म्हणून आधी डॉक्टरांना विचाराच. हलत्या दाढांना गम सोसत नसेल तर निकोटिनची त्वचेवर लावायची पट्टी किंवा चोखायच्या गोळ्यांबद्दलही तिथेच विचारा.

रानजाई:
आभार! शेजारच्या काकू म्हणतात, तपकीर ओढली तर तलफ भागते. आणि सकाळी दात कशानं घासायचे?

खलबत्ता:
रानजाईताई, तपकीर म्हणजे तंबाखूच, नुसता रस्ता बदलतो. दातांना मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. तंबाखूच्या दंतमंजनावर 1992 पासून बंदी आहे, पण सुट्या काळ्या पुडीत काय असतं कुणी पाहिलंय? ती घेऊच नका.

दाढांचं आधी बघून घ्या. मिश्री सुटल्यावर ठणका लागला की "हिच्यानंच दात धरले होते" म्हणत माणूस परत तिकडेच वळतो.

सुपारीचं_झाड:
दंतवैद्यांकडे जाल तेव्हा गालाची आतली बाजू, हिरड्या आणि जिभेच्या कडा नीट तपासायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडात तीन बोटं न मावणं, यातलं काही असेल तर पुढची तपासणी लगेच. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवणारं केंद्र असतं. फोनवर हवं असेल तर 1800-11-2356, पैसे पडत नाहीत. फोन सासूबाईंना स्वतःलाच करू द्या.