बटरफील्डची चोच बेळगावात टेकणार कुठे?

शहापूरच्या भावोजींचा प्रश्न आहे, की आजोबांच्या पेटीतलं पितळी, पक्षी बसवलेलं सूर्यघड्याळ बेळगावात वेळ चुकवतं कसं. अहो, दोष घड्याळाचा नाही. मायकेल बटरफील्ड हा पॅरिसात दुकान थाटलेला इंग्रज कारागीर, १७२४ साली वारला. आजोबांचं घड्याळ त्याच्याच धाटणीचं: सावली पाडणारी तिरपी पट्टी जागेच्या अक्षांशाइतकी झुकवायची, आणि पक्ष्याची चोच पट्टीवरचा तो अक्षांश दाखवते. पण आकडे साधारण ४० ते ६०, आणि बेळगाव १६ अंशांच्याही आत! पट्टी बळेच झुकवली तरी तासांच्या रेघा युरोपच्याच हिशेबाने कोरलेल्या. (सही बघूनही हुरळू नका, त्याचं नाव घालून इतरांनीही माल खपवलाय.)

आपल्याकडे चालेल ते जर्मनीतल्या आउग्सबुर्गचं, योहान मार्टिन, विलेब्रांड वगैरे कारागीर मंडळींचं सूर्यघड्याळ. त्यात तासांची कडी ० ते ९० अंशांत हवी तशी कलते. तरीही मनगटावरच्या घड्याळाशी जुळणार नाहीच: आपण भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ अंश रेखांशाच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला, म्हणून (अंशाला ४ मिनिटं धरून) सूर्याची माध्यान्ह सरासरी १२:३२ला. सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात १२:४६, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१६.

आणि कृपा करून चिंच लावून घासू नका, बारीक कोरीवकाम झिजतं.